बॅटरी कोण खाऊन राह्यलं?

सुलतानपूर, ता. लोणार
२ फेब्रुवारी २०२५

मामा,

पाया पडतो. हे पत्र लिहाले मी तीन आठवडे लावले, हे आधीच कबूल करतो. पाकीट जानेवारीतच घेतलं होतं, तवापासून ते खिशात घेऊन फिरून राह्यलो. एकदा त्याच्यावर चहा सांडला, एकदा डिझेल लागलं, अन् मागच्या बाजूनं मेहकरच्या गाड्यांचं टायमिंग लिहून झालं. रोज वाटे आज लिहू. मग वाटे, मामा पहिलाच प्रश्न इचारतील, आता कुठं आहे बे? अन् मले सांगा लागेल का जालन्याचं कामही सोडलं. तर सोडलं. मोटर वाइंडिंगचा मालक दिवसभर तार गुंडाळाले लावे अन् रोज गिऱ्हाइकासमोर म्हणे, बारावी नापासाले याच्याहून जास्त काय येते. एक दिवस म्हटलं, तुमची तार तुमीच गुंडाळा.

फोन केला असता, पण तुमाले फोनवर ऐकू येत नाही, अन् माझा फोन बसच्या सीटवर राह्यला तो राह्यलाच. तुमीच म्हटलं होतं, गाडीचं काही इचाराचं असलं तर कागदावर इचार, इंजिनांनी माझे कान खाल्ले, डोळे नाही खाल्ले. म्हणून इचारून राह्यलो.

निघालो होतो सोनाळ्याले तुमच्याकडेच. सुलतानपूरले चहाले उतरलो. चहावाल्याकडं एक मैना होती, ती कंडक्टरसारखी 'चला चला' म्हणे. तिच्या नादात माझी खरी गाडी निघून गेली. म्हटलं जाऊ दे. हॉटेलच्या मागं चक्कर मारली तर टिनाच्या शेडमधून एका बसचं नाक बाहेर दिसलं. मामा, नाकवाली बस! लांब बोनेट, दोन गोल डोळे, मागं टपावर चढाले शिडी. एकाहत्तर सालची. पुंजाजी म्हणून होते इथं, त्यांची खासगी बस, सुलतानपूर ते लोणार चाले. सहा वर्षांखाली ते गेले, तवापासून ती उभीच.

"काय पायतं बे? बस नाही पाह्यली कधी?" मागून आवाज आला. पुंजाजींच्या घरच्या, झुंबरबाई. सत्तरीच्या वर, आवाज मात्र हॉर्नसारखा.

"अशी नाही पाह्यली, आजी."

"नुसतं पाहून काय व्हते? चालू करता येते का?"

"येते," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं, मामा. तवापासून मी इथंच आहे. शेडमधे बाज टाकून दिली, दोन वेळ भाकर येते. आजीचं एकच म्हणणं, पाडव्याले ही बस फाट्यापर्यंत जाऊन आली पाहिजे अन् मले तिच्यात बसाचं आहे. लोणारहून नवी मोठी बॅटरी मागवून दिली. जोडल्याबरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावर देवीच्या फोटोपुढचा लाल दिवा लागला, तर आजी म्हणे, "आली! गाडी जिवंत झाली!" सहा वर्षांनी लागला म्हणे तो. लय झ्याक दिसते, मखमलीची झालर, बाजूनं आरसे.

पण बस काही चालू होईना. इंजिन, डिझेल, सगळं मी साफ केलं. सेल्फचं बटण दाबलं का नुसतं 'टक्'. पुन्हा दाबलं, 'टक्'. समोरचे लाइट मंद होते अन् खेळ खतम. नवी कोरी बॅटरी, मग असं काऊन?

मामा, आजपर्यंत लोकांनी मले तार दिली, पाना दिला, झाडू दिला. पूर्ण गाडी कोणी दिली नव्हती. इथून हात हालवत निघालो तर मी तोच, सोडून पळणारा. नीट सांगा.

तुमचा
गोकुळ


सोनाळा, ता. संग्रामपूर
७ फेब्रुवारी

चि. गोकुळ, आशीर्वाद.

पत्र मिळालं. डिझेलचा वास अजून कागदाला आहे. निघाला होतास मामाकडे आणि अडकलास मैनेपाशी, यात नवीन काही नाही.

त्या बसचं नाव मी ऐकून आहे.

आता लक्ष देऊन वाच. 'टक्' वरून काही ठरवू नको. कान गेल्यापासून मी गाड्या हातानं तपासतो आणि ते जास्त खरं निघतं. सेल्फचं बटण दहा मोजेपर्यंत दाबून धर आणि सोड. लगेच बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला हात लाव. मग सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलच्या दोन्ही टोकांना. मग बॅटरीपासून गाडीच्या लोखंडाला जी अर्थिंगची पट्टी बांधलेली असते तिच्या नटाला. करंट जिथं अडतो तिथं तापतो. जे टोक हाताला गरम लागेल तिथंच रोग आहे. बाकी कुठं पाना लावू नको. दोन दाबण्यांच्या मधे दोन मिनिटं थांब, नाहीतर सेल्फ जाळशील. हातात कडं घालून हिंडत असशील तर ते आधी काढ.

आणि गाडी उभी असताना काय काय चालू राहतं ते फिरून पाहा. हेडलाइट, आतले लाइट, हॉर्न, वायपर. सगळं बंद पाहिजे.

'येते' म्हणून सांगितलंस ते आता येऊन दाखव.

मामा


सुलतानपूर
१४ फेब्रुवारी

मामा, मामा, मामा!

चालू झाली!

तुमचं पत्र येईपर्यंत बॅटरी सोडून ठेवली होती, ती जोडली अन् तुमी म्हटलं तसं हात लावत गेलो. टर्मिनल थंड. केबल थंड. अर्थिंगच्या नटाले बोट लावलं अन् असा चटका बसला का बोट तोंडात घालून नाचलो. नट खोलला तर खाली चकचकीत निळा ऑइल पेंट. झालं असं, मागच्या दिवाळीत आजीच्या पुतण्यानं, गजेंद्रनं, बस रंगवून घेतली होती. पेंटरनं प्रेमानं खालची लोखंडी चासीही रंगवली अन् पट्टी रंगावर बांधली. आता रंगातून करंट कसा जाणार? हॅक्सॉ ब्लेडनं घासून लोखंड पांढरं केलं, कसून बांधलं, बटण दाबलं. घर्र करून असा काळा धूर निघाला का हॉटेलवाला गिऱ्हाइकं सोडून पळत आला. मैना तर चूपच बसली.

आजी आली. पहिली सीट पदरानं पुसली अन् बसली. बस जाग्यावरच थरथरत होती. मी म्हटलं बंद करू का, तर म्हणे, "राहू दे थोडी." पाव तास चालू ठेवली. आजीनं खिडकीबाहेर पाह्यलं ते एकदाही इकडं वळून नाही पाह्यलं.

गजेंद्रले काही ते आवडलं नाही. त्याच्या रंगाचा दोष निघाला ना. म्हणे, "योगायोगानं झाली असंन." मी म्हटलं, "मग तुमी कराचा होता योगायोग."

तुमी इचारलं तर सांगतो, उभ्या गाडीत सगळं बंद असते. मी स्वतः फिरून पायतो. हेडलाइट बंद, आतले बंद, हॉर्नची तार जोडलीच नाही, वायपर तर मोडका आहे. काहीच चालू नाही.

काल लोणारले गेलो होतो बोनेटचं रबर आणाले. रबर आणाचं राह्यलं. तळ्याच्या काठी उतरलो, तिथं एक माणूस सरड्यांचे फोटो काढून राह्यला होता, त्याच्यासंग दिवस गेला. उद्या आणतो.

गोकुळ


सुलतानपूर
२७ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र मी रागात लिहून राह्यलो, अक्षर समजून घ्या.

एकोणीस तारखेले सकाळी बटण दाबलं तर 'टक्' सुद्धा नाही, नुसतं हूं केलं. अर्थिंग पाह्यली, थंड. सगळं थंड. बॅटरीच बसली होती. लोणारले भगवानराव म्हणून बॅटरी चार्जिंगवाले आहेत, स्टँडसमोर, त्यांच्याकडं मोटरसायकलवर मांडीवर घेऊन गेलो. चाळीस किलो मांडीवर, मामा, अजून पाय सुन्न आहे. ते म्हणे उद्या न्या. दुसऱ्या दिवशी आणली, बस एका दमात चालू. मी खुश. अन् आज सकाळी पुन्हा तेच. आठ दिवसही नाही झाले.

गजेंद्र तिथंच होता. हॉटेलात दहा-पंधरा लोक बसलेले. त्यांच्यासमोर म्हणे, "नव्या बॅटरीले दोनदा काऊन चार्जिंग लागते रे?"

मी म्हटलं तेच शोधून राह्यलो.

"शोधतं काय, तुलेच माहीत असंन. लोणारले रात्रभर ठेवली ना? नवी तिकडंच इकली अन् जुनीले नवीचं स्टिकर लावून आणलं."

मामा, स्टिकर! मले स्टिकर काढता येत असतं तर मी आधी त्याच्या गाडीच्या मागचं काढलं असतं, 'शेतकरी पुत्र' लिहिलेलं, अन् हा माणूस वावरात पाय टाकत नाही.

मी म्हटलं, "भगवानरावले इचारा."

"तो तुझाच भागीदार." मग बसमधे चढला, देवीच्या दिव्याकडं बोट दाखवलं. "हे पाय. दिवा जळून राह्यला का नाही? म्हणजे करंट आहे. करंट आहे अन् गाडी उठत नाही, म्हणजे एक तर बॅटरी बदलली, नाही तर सेल्फ जाळला. दोन्हीत तूच."

लोक माना हालवाले लागले. दिवा खरंच जळत होता, थोडा पिवळट, पण जळत होता. मले येते काय, तुमी सांगतलं तेवढंच.

अन् आजी पदर सावरून घराकडं निघून गेली. हॉर्नसारखा आवाज असलेली बाई, मामा. संध्याकाळी भाकर आली, पण रोज तिची नात अर्पिता आत आणून देई अन् दोन गोष्टी बोले, आज दाराबाहेर ठेवून गेली. कुत्र्याले ठेवते तशी.

मी चोर नाही. काम सोडलं असंन, उशीर केला असंन, खोटं 'येते' म्हटलं असंन. चोर नाही. बॅटरी कोण खाऊन राह्यलं ते सांगा मले. आता बस चालू झाली नाही तरी चालते, पण हे कळल्याशिवाय मी इथून हालत नाही.

गोकुळ


सोनाळा
३ मार्च

चि. गोकुळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकच विचारतो आणि शपथ न घेता उत्तर दे. विकलीस का?

चिडू नको. नवी बॅटरी आठ दिवसांत दोनदा बसत नाही. गाडीचं वायरिंग जुनं असलं तरी पक्कं केलेलं आहे, ते असं करंट सांडणार नाही. मग उरतो माणूस. खामगावच्या वर्कशॉपमधून जॅक गेला तेव्हाही तू म्हणालास मी नाही, आणि चार दिवसांत तिथून निघून गेलास. माणूस निघून गेला की लोक त्याच्याच नावावर टाकतात.

विकली असशील तर सांग. मी इथून दुसरी पाठवतो आणि गोष्ट मिटवू.

नसशील विकली तर हे कर. बॅटरी चार्ज करून आण. सगळं बंद कर. निगेटिव्हची केबल सोड. सोडलेली केबल आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मधे इंडिकेटरचा लहान बल्ब दोन वायरांनी जोड. गाडीत खरोखर सगळं बंद असेल तर बल्ब पेटणार नाही. पेटला, मंद का होईना, तर गाडीत कुणीतरी करंट पितं आहे. मग एकेक वायर सोडत जा. जी सोडल्यावर बल्ब विझेल तो तुझा चोर.

मामा


लोणार, भगवानरावांचं बॅटरीचं दुकान
१० मार्च

मामा,

पाया पडत नाही. पुढं पडेन का नाही ते ठरवलं नाही.

खामगावचा जॅक मालकाच्या मेव्हण्याच्या घरी सापडला. हे मले कोणी सांगतलं होतं? तुमी. मागच्या वर्षी, संत्र्याच्या झाडाखाली बसून, हसत हसत. अन् आता तोच जॅक माझ्या अंगावर टाकता? गजेंद्र परका आहे. त्याचं मी सोसलं.

तरी तुमचं सांगतलेलं केलं, कारण दुसरं कोणी सांगणारं नाही. पाच तारखेले बॅटरी आणली. या खेपेले भगवानराव स्वतः आले, टर्मिनलवर लोखंडी पंचानं खूण ठोकून दिली, म्हणजे कोणी स्टिकर-स्टिकर करू नये. केबल सोडली, मधे बल्ब लावला. बल्ब पेटला. मंद, विडीच्या टोकासारखा, पण पेटला. हेडलाइटची वायर सोडली, पेटलेलाच. आतले लाइट, डायनामो, वायपर, सगळं सोडलं. पेटलेलाच! दोन दिवस मी बसच्या पोटाखाली निजून काढले.

आठ तारखेले सकाळी आजी पूजेले आली. मधले दोन दिवस आली नव्हती, एरवी रोज येते, दोन फुलं वाहते, मीही रोज देवीच्या पाया पडतो. मी खाली होतो. वरून एकदम हॉर्न वाजला.

"कोणी केला वो माझ्या देवीचा दिवा मंद? गोकुळ! दिव्याले काय केलं तू?"

मी बाहेर आलो. माझा बल्ब पाह्यला. वर देवीचा दिवा पाह्यला. दोघंही सारखेच मंद. मी माझा बल्ब काढला. वरचा दिवा विझला. पुन्हा लावला, दोघंही पेटले.

मामा, तोच होता. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर, रात्रंदिवस. अन् मी तुमाले लिहिलं, काहीच चालू नाही! खोटं नाही लिहिलं. मले कधी वाटलंच नाही का तो चालू आहे. तो देवीचा आहे ना, तो गाडीचा लाइट थोडीच आहे. गजेंद्रलेही नाही वाटलं, लोकांलेही नाही. त्याची वायर पाह्यली तर सरळ बॅटरीवर. मधे किल्ली नाही, स्विच नाही, काही नाही.

मी आनंदानं नाचलो. अन् तिथंच चुकलो. हॉटेलातले लोक बोलावले, गजेंद्रले बोलावलं, सगळ्यांसमोर वर बोट दाखवून ओरडलो, "हा पाहा चोर!"

देवीच्या फोटोकडं बोट होतं माझं.

आजीचा चेहरा पाहाले पाहिजे होता तुमी. म्हणे, "पुंजाजींनी लावला तो दिवा. पंचवीस वरसं जळला, कधी बॅटरी नाही खाल्ली. तू आला अन् खाले लागला?"

मी म्हटलं, "आजी, तवा बस रोज चाले. डायनामो भरून देई. आता उभी आहे. बंद ठेवू, नाही तर घरच्या लाइटवर जोडून देतो."

"गाडीची देवी गाडीच्याच करंटवर राहीन. अन् देवीचा दिवा बंद कोण करते रे? तू करशीन?"

गजेंद्र हसत होता. म्हणे, "पाह्यलं काकू? स्वतःची चोरी देवीवर टाकली." आजीनं माझी पिशवी स्वतः आणून दारात ठेवली.

आता भगवानरावच्या दुकानात आहे. बॅटऱ्यांत पाणी भरतो. खरं काय ते मले कळलं, अन् सांगतलं म्हणून मी अजून मोठा चोर झालो.

गोकुळ


सोनाळा
१५ मार्च

चि. गोकुळ,

विकलीस का असं विचारलं ते चुकलं. माझं चुकलं, आणि तुला वाटतं त्याहून जास्त चुकलं.

ती वायर मी ओढली आहे.

चौऱ्याण्णव साली लोणारला माझं दुकान होतं. पुंजाजींची बस हे माझं पहिलं पूर्ण वायरिंग. शेवटी त्यांनी तो लाल दिवा आणला. मी स्विच काढून ठेवला होता, तर ते म्हणाले, "रामराव, देवाला स्विच लावतात का?" मला वाटलं बरोबर आहे. सरळ जोडून दिला.

तुझ्या पहिल्याच पत्रात तू लाल दिवा लिहिलास तेव्हा मला तो डोळ्यांसमोर आला. तरी मी हेडलाइट, हॉर्न, वायपर लिहिलं आणि दिवा लिहिला नाही. तुझं हे पत्र आल्यावर हिशोब केला. पाच वॅटचा बल्ब, दिवसाला दहा अँपिअर-अवर, आठ दिवसांत बॅटरीचा जीव जातो. हा हिशोब मी महिन्यापूर्वी करायला पाहिजे होता. केला नाही, कारण काय निघेल ते मला माहीत होतं. त्या बसच्या वायरिंगवर माझं नाव झालं. ते चुकलं असं मानण्यापेक्षा भाचा चुकला असं मानणं सोपं गेलं.

आता माझं ऐक. त्या बाईला हे सांगू नको. नवऱ्याच्या हातची एक गोष्ट तिच्याकडे राहिली आहे, ती मोडू नको. मला यायला जमणार नाही, संत्र्याची तोड चालू आहे. तू तसाही तिथं किती दिवस राहणार? पुढच्या गावाला जाशील, चार महिन्यांत लोक विसरतील. इकडे ये. मामी तुझ्यासाठी लोणचं काढून ठेवून वाट पाहते आहे.

मामा


लोणार
२१ मार्च

मामा,

पाया पडतो. खरं लिहिलं म्हणून पडतो. पण त्याच्या पुढचं जे लिहिलं ते वाचून माझं डोकं असं फिरलं का भगवानरावनं मले पाणी पाजलं.

पुढच्या गावाले जाशील! सगळ्यांले हेच सोपं वाटते. तुमचं नाव वायरिंगवर, पुंजाजींचं नाव बसवर, गजेंद्रचं 'शेतकरी पुत्र' गाडीच्या मागं. अन् गोकुळले नावच नाही, तो फिरता माणूस, त्याच्यावर टाका, तो घेऊन जाईन! तुमी संत्र्याच्या झाडाखाली बसून ठरवलं का बाईचं मन मोडाचं नाही. माझं मोडलं तर चालते का? अन् आजीच्या मनाचं तुमाले काय माहीत? तुमी तर तिले इचारलंच नाही.

म्हणून मी तुमचं ऐकलं नाही. राग आला तर येऊ द्या. अर्पिता इथं लोणारले कॉलेजले येते. सतरा तारखेले स्टँडवर तिले गाठलं अन् तुमचं पत्र तिच्या हातात दिलं. म्हटलं, "मी काही बोलत नाही. हे आजीले वाचून दाखव. पूर्ण. मधलं काही गाळू नको."

ती म्हणे, "आजी रडंन."

मी म्हटलं, "रडू दे, पण कळू दे."

अठरा गेली, एकोणीस गेली, वीस गेली. अर्पिताही कॉलेजले आली नाही. परवा गजेंद्र इथून मोटरसायकलवर गेला अन् जाता जाता भगवानरावले ओरडून म्हणे, "सांभाळा हो, स्टिकरवाला आहे तुमच्याकडं." स्टँडवरचे सगळे हसले. भगवानराव बिचारे भले माणूस, पण त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं बॅटरी ठेवतो म्हणत म्हणत घेऊन गेले. माझ्यामुळं त्यांचं दुकान बदनाम झालं तर मी कुठं तोंड लपवू?

म्हणून काल ठरवलं, जातो. तुमी जिंकले. पिशवी भरली आहे, बाजूलेच ठेवली आहे. दुपारच्या गाडीनं निघणार, सोनाळ्याले नाही, दुसरीकडं कुठंतरी, जिथं बस नसंन अन् देवी नसंन. हे पत्र तेवढ्यासाठीच लिहाले बसलो होतो, का माझी वाट पाहू नका. मामीले सांगा, लोणचं राहू द्या

मामा, थांबा. पेन सुटलं हातातून.

मेहकरकडची गाडी आता स्टँडवर लागली अन् तिच्यातून झुंबरबाई उतरली. पुंजाजी गेल्यापासून ही बाई सुलतानपूरच्या फाट्यापलीकडं गेली नाही, असं अर्पिताच म्हणे. हिरवं लुगडं, हातात पिशवी, मागं गजेंद्र, मान खाली. आमच्या दुकानाकडं पाह्यलंच नाही तिनं. सरळ समोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरली. मधे फक्त रस्ता आहे, अन् आजीचा आवाज तुमाले माहीत नाही, तुमच्या कानांलेही ऐकू आला असता.

"स्विच दे," म्हणे.

दुकानदार म्हणे, "घरचा का गाडीचा, आजी?"

"देवीचा. चांगला मजबूत दे. रोज सांजच्याले मीच बंद करीन अन् रोज सकाळी मीच लावीन. दुसऱ्या कोणाचा हात नाही लागला पाहिजे."

"काकू, हळू बोला ना," गजेंद्र म्हणे. "लोक ऐकून राह्यले."

"ऐकू दे! त्या पोट्ट्याले चोर म्हटलं तवा तू काय हळू बोलला होता?"

स्टँडवर सगळे तिकडंच पाहून राह्यले, मामा. चहावाला, कंडक्टर, परवा हसले होते ते सगळे. आता ती स्विच हातात घेऊन बाहेर आली. इकडंच येऊन राह्यली, रस्त्याच्या मधोमध, गाड्यांले हात दाखवून थांबवत. भगवानरावनं खुर्ची पुसून ठेवली अन् मले म्हणे, "ऊठ ना रे, सामोरा जा."

मी उठलो नाही. येऊ द्या तिले इथपर्यंत.

गोकुळ